अंधारी

रात्रीचे सव्वादोन. क्लायपेडा बंदराच्या मनोऱ्यावरून
गिन्ताउतासचा फोन.
आवाज इतका दबका की वाटावं
शेजारच्या खोलीत कुणाचा डोळा लागलाय.
"डावा पडदा जातो."
"कुठे जातो?"
"जातो. आणि येतो."

मी केबलींची पिशवी घेतली, थर्मासात चहा,
पेचकस, टॉर्च, आणि ते जुनं ग्राफिक कार्ड
जे कधीच लागत नाही
आणि घरी विसरलं की नेमकं लागतं.

तीन मॉनिटर. मधे रडार, उजवीकडे कॅमेरे,
डावीकडे खाडीचा नकाशा,
त्यावर जहाजं
हिरव्या कण्यांसारखी सांडलेली,
नीट पाहिलं तरच कळतं, सरकताहेत.

संगणकाच्या लेखी त्यांचा क्रम दोन, तीन, एक.
उजव्या काठावरून गेलेला बाण
डावीकडच्या पडद्यावर उगवायचा,
पुढच्या दाराने हुसकलेलं मांजर
मागच्या दाराने यावं तसा.
"हे कधीपासून?"
"चार वर्षं. सवय झाली."
ते आधी सरळ केलं.
तर तो बाण हुडकत बसला, बिचारा.

मग नेहमीचं.
केबल बदलली. पोर्ट बदलला.
ड्रायव्हर काढला, घातला.
वीज कुठल्या फळीवरून येते ते
टेबलाखाली पालथं पडून पाहिलं;
तिथे एक बटण सापडलं, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
आणि कुणाचा तरी चष्मा, एका काचेचा.
डावा मॉनिटर उचलून उजवीकडे नेला,
उजवा डावीकडे.
तासाभराने पुन्हा गेला
तो डावीकडचाच.
म्हणजे खोट पडद्यात नव्हती.
जागेत होती.

गिन्ताउतास खिडकीशी उभा.
पहाटेच्या फेरीचे दिवे अजून लागलेले नव्हते.
"दिवसपाळीला सांगितलं नाही मी,"
तो काचेला म्हणाला, मला नव्हे.
"नोव्हेंबरात तपासणी आहे. एकसष्ट पुरी होतील.
आमचा व्हिडमांतास असाच,
गाडी चालवता चालवता...
मला वाटलं पडदा ठीक आहे,
माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी येते.
उठलो की येते."

"उठलो की?"

"हो. कॉफीला वगैरे."

"बस बरं. आता ऊठ."

तो उठला.
खुर्चीने खालून एक सुस्कारा टाकला,
आणि डावीकडची अख्खी खाडी
जहाजांसकट
दोन सेकंद काळी.

खुर्चीच्या दांड्यात कोंडलेला वायू,
वर घासलेलं कापड, कोरडी हवा,
एक ठिणगी, डोळ्याला न दिसणारी,
आणि चाकाशेजारून गेलेली केबल
जी ऐकू नये ते ऐकते.
नवी केबलही मी तिथूनच नेली होती,
जुनीच्याच वाटेने, न विचार करता.

"तुझा रक्तदाब नाही," मी म्हणाले, "खुर्ची आहे."

तो बसला. उठला.
बसला. उठला.
एकसष्टीला आलेला माणूस, सात वेळा,
आणि दरवेळी अंधार झाला की
"बघ! बघ!"
वायरलेसवर एका टगने काहीतरी विचारलं,
त्याला त्याने उभ्यानेच उत्तर दिलं,
आवाज आता पूर्ण.

केबल भिंतीकडून फिरवली,
दोन्ही टोकांना काळे फेराइटचे मणी चढवले,
बाळाच्या मनगटावर चढवतात तसे.
नोंदवहीत त्याने लिहिलं: खुर्ची हलवली.
मग "डावीकडे" असं वर, लहान अक्षरात.

मी निघाले तेव्हा तो उठला, निरोपाला,
एक हात टेबलावर ठेवून, हळूच,
डावीकडे बघत.
खाडी जागेवर होती.
तरी हात त्याने लगेच काढला नाही.

लिफ्ट बंद. पायऱ्या उतरताना
तिसऱ्या मजल्यावर मला जरा गरगरलं,
कठडा धरून उभी राहिले.
थर्मास तसाच भरलेला होता.
चहा प्यायचा राहिला, म्हणून असेल.
बहुतेक.